पंतोजींची औटकी आणि आजचा वर्ग

‘औटकी’ म्हणजे काय, असे आज एखाद्या वर्गात विचारले, तर बहुतेक विद्यार्थी एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. औट म्हणजे साडेतीन, आणि औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी ही तिची भावंडे. पंतोजींच्या शाळेत ही सारी एका सुरात म्हटली जात.

हे पाठांतर निरर्थक होते, असे समजणे अन्यायाचे होईल. तेव्हा रुपयाचे आणे सोळा, शेराचे छटाक सोळा, आणि मणाचे शेर चाळीस. सव्वा रुपया शेर भावाने अडीच शेर माल घेतला, तर तीन रुपये दोन आणे झाले, हे इतवाऱ्यातील दुकानावर बसणाऱ्या मुलाला कागदावाचून सांगता येणे अगत्याचे होते. छापील पुस्तके दुर्मीळ. पंतोजींची स्मृती हाच मुलांचा ग्रंथसंग्रह.

मात्र सगळे पंतोजीच शिकवीत असे नाही. थोरला मुलगा धाकट्याकडून धुळाक्षरे गिरवून घेई. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेत अँड्र्यू बेल याने वाळूत लिहिणारी मुले पाहिली, आणि मुलांनीच मुलांना शिकविण्याची रीत त्याने ‘मद्रास पद्धत’ म्हणून विलायतेस नेली. आजच्या गटकार्याचे ज्यांस अप्रूप वाटते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पाठोपाठ शेर जाऊन किलोग्रॅम आला. औटकीचा आधारच सुटला. पाढे म्हणवून घेणारे गुरुजी आता फळ्यावर दशांशचिन्हाची जागा समजावू लागले, आणि मुलाला उत्तराबरोबर रीतही मांडावी लागली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेला मनाई केली. छडी गेली याचे आम्हांस यत्किंचितही दुःख नाही.

आता उत्तर मोबाईल देतो. परंतु दशांशचिन्ह एक घर सरकले आणि एकतीस रुपयांचे तीनशे दहा झाले, तरी मुलाला संशय येत नाही. ‘अरे, हे संभवते का?’ असे विचारणारा शिक्षक म्हणूनच आज अधिक हवा. आमच्या इतवाऱ्यात तर त्याला आणखी एक काम आहे. मूल दुकानात ‘ढाई’ ऐकते, घरी ‘अडीच’ म्हणते आणि वहीत २.५ लिहिते. तिन्हींची राशी एकच, हे त्याला तराजूपाशी उभे करून दाखवावे लागते.