‘सिंहासन’चा शेवट

अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा रचून जब्बार पटेलांनी १९७९ साली ‘सिंहासन’ हा चित्रपट पडद्यावर आणला. निळू फुल्यांनी साकारलेला वार्ताहर दिगू टिपणीस सत्तेची कारस्थाने व तस्करांचे हितसंबंध तटस्थपणे न्याहाळीत राहतो. परंतु मुख्यमंत्री जिवाजीराव अखेरीस खुर्ची राखतात, तेव्हा सर्व जाणणाऱ्या या साक्षीदाराचे भान सुटते आणि तो भर रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटतो. खलनायक म्हणून ख्यातनाम झालेल्या नटाचे ते हास्य मला मराठी चित्रपटातील सर्वांत विदारक वाटते, कारण येथे अपराध ठाऊक असूनही फिर्याद ऐकणारा हाकिमच कोणी उरलेला नाही.