२७ टक्के आणि अर्धा गुण

नोव्हेंबर २०२२मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने लेकानेमॅब या औषधाच्या चाचणीचे निष्कर्ष छापले आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्यातला एकच आकडा उचलला: अल्झायमरच्या रुग्णांची घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. आकडा खरा होता. आजाराच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यातले १,७९५ रुग्ण अठरा महिने तपासले गेले. निम्म्यांना औषध मिळाले, निम्म्यांना औषध नसलेले द्रव. घसरण मोजण्यासाठी रुग्णाशी आणि त्याच्या घरच्यांशी बोलून स्मरण, स्थळकाळाचे भान, निर्णयशक्ती, बाहेरचे व्यवहार, घरकाम आणि स्वतःची निगा या सहा बाबतींत गुण दिले जातात. एकूण गुण १८, आणि गुण जितके जास्त तितकी अवस्था वाईट. औषध न मिळालेल्यांचे गुण सरासरी १.६६ने वाढले, औषध मिळालेल्यांचे १.२१ने. फरक ०.४५, म्हणजे जेमतेम अर्धा गुण. १.६६शी तुलना केली की हाच फरक २७ टक्के होतो. अठराच्या मापावर तो अडीच टक्केच भरतो. एवढा फरक घरच्यांच्या लक्षात येईल का, यावर तज्ज्ञांत तेव्हापासून वाद आहे. रुग्णात झालेला बदल डॉक्टरांना जाणवण्यासाठी साधारण एक गुणाचा तरी फरक लागतो, असे याआधीच्या अभ्यासांत दिसले होते. स्मृतिभ्रंशाच्या संशोधनात यश कशाला म्हणायचे हे बराच काळ मेंदूतल्या प्रथिनाकडे पाहून ठरत आले. रुग्ण आणि त्याचे घर यांच्याकडे पाहून ते ठरवायला हवे, हे या लेखाचे म्हणणे आहे.

प्रथिनाकडे लक्ष जाणे चुकीचे नव्हते. आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली एका मृत रुग्णेच्या मेंदूत दिसलेले साके आणि पेशींतले गुंते जर्मनीतल्या सभेत मांडले. १९८४मध्ये जॉर्ज ग्लेनर यांनी त्या साक्यांशी निगडित बीटा-अ‍ॅमिलॉइड हे प्रथिन वेगळे काढले. ऐन चाळिशी-पन्नाशीत अल्झायमर होणाऱ्या काही घराण्यांत याच प्रथिनाशी संबंधित जनुके बिघडलेली आढळली, आणि १९९२मध्ये जॉन हार्डी आणि जेराल्ड हिगिन्स यांनी अ‍ॅमिलॉइडचा साठा हेच आजाराचे मूळ असल्याची उपपत्ती मांडली. पुरावा भक्कम होता, म्हणून पैसा आणि बुद्धी तिकडे वळली. पुढचा इतिहास मात्र कठोर आहे. अ‍ॅमिलॉइडविरुद्धच्या पहिल्या लशीची चाचणी सुमारे ६ टक्के रुग्णांच्या मेंदूला सूज आल्याने २००२मध्ये थांबवावी लागली. प्रथिन तयारच होऊ नये म्हणून दिलेल्या सेमागासेस्टॅटने रुग्णांची अवस्था उलट बिघडली आणि २०१०मध्ये तेही बंद झाले. बापिन्यूझुमॅब आणि सोलानेझुमॅब ही प्रतिपिंडे मोठ्या चाचण्यांत नापास झाली. अ‍ॅड्युकॅनुमॅबच्या दोन चाचण्या यश येण्याची चिन्हे नाहीत म्हणून मार्च २०१९मध्ये थांबवल्या गेल्या. काही महिन्यांनी कंपनीने आकड्यांची पुन्हा छाननी करून एका चाचणीत फायदा दिसतो, असे सांगितले. अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागारांनी विरोध केला, तरी जून २०२१मध्ये मंजुरी मिळाली, आणि ती मेंदूतला साका कमी होतो या आधारावर. तीन सल्लागारांनी राजीनामे दिले. जानेवारी २०२४मध्ये कंपनीने ते औषध सोडून देत असल्याचे जाहीर केले. साका कमी झाला म्हणजे माणूस बरा झाला, असे धरून चालण्याची किंमत यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

यावर रास्त आक्षेप असा की पहिली औषधे दुबळीच असतात. एचआयव्हीवरचे पहिले औषधही एकटे अपुरे होते, पुढे औषधे जोडून दिल्यावर आजार आटोक्यात आला. शिवाय ज्याची ओळख पुसली जाते आहे, त्याला काही महिन्यांची मुदतवाढही अमूल्य वाटू शकते. हे मला मान्य आहे, आणि लेकानेमॅब किंवा २०२४मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले डोनानेमॅब यांवर काम थांबवावे असे मी म्हणत नाही. मात्र मुदतवाढीचा हिशेब पूर्ण मांडला पाहिजे. लेकानेमॅबच्या चाचणीत दर पंधरवड्याला शिरेतून औषध घ्यावे लागत होते आणि मेंदूचे एमआरआय पुन्हा पुन्हा करावे लागत होते. त्यात १२.६ टक्के रुग्णांच्या मेंदूत सूज दिसली. बहुतेकांना त्रास जाणवला नाही, पण अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या एपीओई-४ जनुकाच्या दोन प्रती असलेल्यांत सुजेचे प्रमाण जवळपास एक तृतीयांश होते. अमेरिकेत औषधाची वर्षाची किंमत २६,५०० डॉलर ठरली. जून २०२५मध्ये ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने, फायदा खर्चाच्या मानाने फार थोडा आहे, असे म्हणून दोन्ही औषधांची शिफारस नाकारली. असे उपचार आपल्या तालुक्याच्या गावापर्यंत कधी पोहोचतील, याचे उत्तर कोणालाही अवघड नाही.

दुसरीकडे चीनमधल्या ३२६ खेड्यांत एक वेगळी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२५मध्ये 'नेचर मेडिसिन'ने छापले, तरी तिची चर्चा त्या मानाने फारच कमी झाली. उच्च रक्तदाब असलेले ३३,९९५ लोक त्यात होते. निम्म्या खेड्यांत गावातल्याच साध्या प्रशिक्षित वैद्यकीय कार्यकर्त्यांनी ठरलेल्या पायऱ्यांनी गोळ्या वाढवत रक्तदाब १३०/८०च्या खाली आणला. बाकीच्या खेड्यांत नेहमीचे उपचार चालू राहिले. चार वर्षांनी पहिल्या गटात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण १५ टक्क्यांनी कमी आढळले. चाणाक्ष वाचक म्हणेल, हे १५ टक्केही त्या २७ टक्क्यांसारखेच फुगवलेले. खरेच, दोन गटांतला थेट फरक एका टक्क्याच्याही आत आहे. पण इथे मोजलेली गोष्ट आजार झाला की नाही ही आहे, गोळ्या स्वस्त आहेत, आणि त्याच गोळ्या पक्षाघात आणि हृदयविकारही टाळतात. अमेरिकेतल्या 'स्प्रिंट माइंड' चाचणीत २०१९मध्ये कडक रक्तदाब नियंत्रणाने सौम्य स्मृतिदोषाचे प्रमाण घटले होते, पण स्मृतिभ्रंशातली घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नव्हती, कारण चाचणी लवकर थांबली. चीनच्या खेड्यांनी ती उणीव बरीचशी भरून काढली. 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०२४मध्ये बहिरेपणा, मधुमेह, धूम्रपान, शिक्षणाचा अभाव, प्रदूषण असे १४ धोके मोजून सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश तत्त्वतः टाळता किंवा लांबवता येईल, असे म्हटले. तो आकडा बराचसा निरीक्षणांवर उभा आहे, म्हणून जपून वापरावा. यातून रुग्णालाच दोष देणेही क्रूर ठरेल. नियमित चालणाऱ्या, निर्व्यसनी माणसालाही हा आजार होतो.

मग ज्यांना आजार झालाच आहे, त्यांचे काय? प्रतिबंध त्यांच्या उपयोगाचा नाही, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. त्याचे एक उत्तर गोव्यात मिळाले. अमित डायस, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून चाचणी घेतली. ती २००८मध्ये प्रसिद्ध झाली. डॉक्टर नसलेले, थोडे प्रशिक्षण घेतलेले स्थानिक कार्यकर्ते घरी जात, आजार म्हणजे काय ते समजावत, चिडचिड आणि भटकणे कसे सांभाळावे ते सांगत, गरज पडल्यास डॉक्टरांशी गाठ घालून देत. सहा महिन्यांत सांभाळ करणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले, त्यांचा ताण घटला. रुग्णाच्या वागण्यातली सुधारणा खात्रीने सांगण्याइतकी नव्हती, आणि संशोधकांनी तसे स्पष्ट लिहिले. रात्र रात्र जागणारी सून किंवा थकलेली पत्नी यांचे स्वास्थ्य मोजणारी चाचणी माझ्या लेखी औषधाच्या चाचणीइतकीच वैद्यकीय आहे.

देशव्यापी पाहणीवर आधारलेल्या २०२३च्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. स्त्रियांत आणि खेड्यांत प्रमाण जास्त आहे, आणि परदेशी औषधांच्या चाचण्यांत आपल्या खेड्यांतली माणसे क्वचित असतात. महाराष्ट्रात आशाताई आहेत, उपकेंद्रे आहेत, बीपीची यंत्रे आणि गोळ्या आहेत. राज्याच्या आरोग्य खात्याने आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी मिळून काही तालुक्यांत रक्तदाब नियंत्रण आणि घरपोच आधार यांची रीतसर, यादृच्छिक विभागणीची चाचणी सुरू करावी, आणि निकाल प्रतिकूल आला तरी छापावा. वाचकांना विनंती इतकीच: घरातल्या वडीलधाऱ्यांचे विसरणे म्हातारचळ म्हणून सोडून देऊ नका. त्यांचा रक्तदाब, ऐकणे, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या, आणि कोणी नव्या औषधाचे टक्के सांगितले तर ते कशाचे टक्के आहेत हे डॉक्टरांना विचारा.