सायकलवाला अजून वाटेत, ग्रुपवर निकाल हजर! टाइम ट्रायलचे आकडे फोनवर येतात कसे?

२१ सप्टेंबर २०२५, रविवारची संध्याकाळ. रवांडाची राजधानी किगाली इथे जागतिक रोड सायकलिंग स्पर्धेतली पुरुषांची टाइम ट्रायल चालू होती. ही स्पर्धा पहिल्यांदाच आफ्रिकेत भरली होती. बेल्जियमच्या रेम्को एव्हेनेपूलने ४०.६ किलोमीटर अंतर ४९ मिनिटं ४६ सेकंदांत कापलं आणि तो सलग तिसऱ्यांदा टाइम ट्रायलचा विश्वविजेता झाला.

त्याच रात्री दुबईत आशिया कपची भारत-पाकिस्तान मॅच होती, त्यामुळे आपल्याकडे बहुतेकांच्या फोनवर सायकल नव्हतीच. पण भिवंडीजवळच्या वळ गावात, आमच्या गोडाऊनमधल्या सायकलवाल्या पोरांच्या ग्रुपवर मेसेजवर मेसेज पडत होते. "संपलं! जिंकला!" "कुठे संपलं? अजून तीन किलोमीटर बाकी आहेत." "तुझं नेट गंडलंय रे."

नेट कुणाचंच गंडलं नव्हतं. सगळे एकच शर्यत बघत होते, पण प्रत्येकाच्या फोनवर ती वेगळ्या ठिकाणी पोहोचली होती. हे असं का होतं आणि त्यातला कोणता आकडा खरा धरायचा, ते आज समजून घेऊया. कारण त्या रात्री हा गोंधळ नुसत्या चिडवाचिडवीवर थांबला नाही. त्यात एकाचे पैसेही गेले.

टाइम ट्रायलमध्ये नक्की बघायचं काय?

मुंबई-पुणे सायकल शर्यत आपल्याला माहीत आहे. सगळे एकत्र सुटतात आणि जो आधी पोहोचेल तो पहिला. त्यात कोण पुढे आहे हे डोळ्यांना दिसतं.

टाइम ट्रायलमध्ये प्रत्येक जण एकटा सुटतो. एक गेला की ठराविक वेळाने दुसरा, मग तिसरा. रस्ता तोच, लढत घड्याळाशी. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, तिची सुरुवातही अशाच छोट्या टाइम ट्रायलने झाली होती. अशा वेळी रस्त्याच्या कडेला उभं राहिलं तर रायडर झपकन समोरून जातो, टाळ्या वाजतात, पण तो जिंकतोय की हरतोय हे काही कळत नाही. ते फक्त आकड्यांत कळतं.

म्हणजे टाइम ट्रायलचा चाहता सायकलकडे कमी आणि आकड्याकडे जास्त बघत असतो. आता हा आकडा एकाच जागेहून येत नाही. त्याचे तीन प्रकार आहेत.

आकडा पहिला: चिपने पकडलेली वेळ

हा सगळ्यात पक्का. वळमध्ये काम करणाऱ्याला तो समजावून सांगायला फार वेळ लागत नाही, कारण आम्ही दिवसभर हेच करतो. तुम्ही ऑनलाइन काहीतरी मागवता आणि ॲपमध्ये दिसतं, 'पार्सल भिवंडीत पोहोचलं'. ते पार्सल गोडाऊनच्या दारात स्कॅन झालं, म्हणून तुम्हाला तसं दिसलं. पुढच्या दारात स्कॅन होईपर्यंत ते टेम्पोत आहे, ट्रॅफिकमध्ये आहे की ड्रायव्हर चहा पितोय, हे सिस्टिमला ठाऊक नसतं.

टाइम ट्रायलमध्येही असेच 'दरवाजे' असतात. मार्गावर ठराविक ठिकाणी वेळ टिपायची सोय असते. तिथल्या वेळेला स्प्लिट म्हणतात. सायकलच्या पुढच्या फोर्कला छोटी चिप बांधलेली असते. रस्त्यावर अँटेनाची पट्टी असते. तिच्यावरून सायकल गेली की चिप आपला नंबर सांगते आणि यंत्र त्या क्षणाची वेळ नोंदवतं. पडघ्याच्या टोलनाक्यावर गाडीचा फास्टॅग वाचला जातो, त्याच जातीची ही युक्ती. फरक इतकाच की फास्टॅगमध्ये बॅटरी नसते, तर शर्यतीच्या काही चिपमध्ये ती असते.

शेवटच्या रेषेवर याच्या जोडीला फोटो-फिनिश कॅमेराही असतो. पुढच्या चाकाचा टायर रेषेवर आला तो क्षण शेवटचा. सुरुवातीचा नियमही कडक आहे. घड्याळ ठरलेल्या वेळेलाच सुरू होतं. रायडर पाच सेकंद उशिरा निघाला तर ते पाच सेकंद त्याच्याच खात्यात.

आकडा दुसरा: जीपीएसचा अंदाज

दोन स्प्लिटच्या मध्ये स्क्रीनवर 'अमुक १८ सेकंदांनी पुढे' असं सतत बदलत राहतं. तिथे तर पट्टी नाही, मग हा आकडा आला कुठून?

सायकलवर किंवा तिच्या मागच्या गाडीत जीपीएस असतं. रायडर आत्ता कुठे आहे हे त्यातून कळतं. मग कॉम्प्युटर बघतो की सगळ्यात वेगवान रायडर याच जागी किती वेळात आला होता. दोन्ही वेळांतला फरक म्हणजे स्क्रीनवरचा आकडा. तो खोटा नसतो, पण तो अंदाज असतो.

अंदाज किती चुकू शकतो? साधा हिशेब करू. जीपीएसमध्ये पाच मीटरची चूक नेहमीची आहे. एव्हेनेपूलचा सरासरी वेग ताशी सुमारे ४९ किलोमीटर होता, म्हणजे सेकंदाला साधारण साडेतेरा मीटर. या वेगाला पाच मीटर म्हणजे अर्ध्या सेकंदापेक्षा कमी. पण चढावर वेग ताशी २० वर आला की तेच पाच मीटर जवळपास एक सेकंद होतात. उंच इमारती किंवा दाट झाडी असेल तर चूक आणखी वाढते.

एक सेकंद म्हणजे किरकोळ वाटतं ना? किगालीत तिसरा आलेला इलान व्हॅन विल्डर आणि चौथा आलेला तादेय पोगाचार यांच्यात साधारण एवढाच फरक होता. एकाला पदक मिळालं, दुसऱ्याला नाही.

आकडा तिसरा: व्हिडिओत दिसणारा

आता मूळ भांडणाकडे येऊ. व्हिडिओ मागे का पडतो?

मोटरसायकलवरच्या कॅमेऱ्याला वायर जोडता येत नाही. त्याचं चित्र रेडिओ लहरींनी वर हेलिकॉप्टर किंवा विमानाकडे जातं, तिथून खाली प्रसारण केंद्रात. तिथे कॉमेंट्री आणि ग्राफिक्स चढतात. मग इंटरनेटसाठी व्हिडिओ दाबून लहान करतात आणि त्याचे काही-काही सेकंदांचे तुकडे पाडतात. ते तुकडे जगभरच्या सर्व्हरवर जातात. शेवटी तुमचा फोन दोन-तीन तुकडे आधी साठवून घेतो आणि मगच दाखवायला लागतो, म्हणजे मध्येच नेटवर्क गेलं तरी चित्र अडकू नये. या साठ्याला बफर म्हणतात.

या सगळ्याला मिळून साधारण २० ते ४० सेकंद सहज जातात. तुमचा व्हिडिओ ३० सेकंद मागे असेल तर ताशी ४९ च्या वेगाने रायडर तुमच्या स्क्रीनपेक्षा सुमारे ४०० मीटर पुढे निघून गेलेला असतो.

चिपची वेळ म्हणजे मात्र चार आकडे. माणकोली नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये कंटेनर उभा राहतो आणि मोटरसायकल कडेकडेने सटकते, तसं हे. अधिकृत लाइव्ह टायमिंगच्या पानावर आकडा काही क्षणांत येतो, व्हिडिओ मागून रेंगाळत येतो. दोन मित्र शेजारी बसून तेच ॲप बघत असले तरी दोघांचा बफर वेगळा असू शकतो. एकाने मध्ये कॉल घेतला आणि परत आला तर तो आणखी मागे.

मग पैसे कुणाचे गेले?

ग्रुपमध्ये सुरुवातीला वडापावची पैज होती. मग कुणीतरी म्हणालं, पुढच्या स्प्लिटला कोण पुढे असेल ते सांगा, पन्नास रुपये. व्हिडिओ बघणारे अंदाज लावत होते. एकाच्या फोनवर मात्र टायमिंगचं पान उघडं होतं. बाकीच्यांसाठी जे अजून घडायचं होतं, ते त्याला दिसून गेलं होतं. तो जिंकत राहिला. रात्रपाळीवरच्या एका पोराचे साडेचारशे रुपये गेले, म्हणजे जवळजवळ एका दिवसाची हजेरी. जिंकणारा म्हणाला, "मी फसवलं कुठे? मला जे दिसलं तेच लिहिलं." पैसे परत मिळाले, पण चार दिवसांनी आणि बरीच बोलाचाली झाल्यावर.

इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी. लाइव्ह शर्यतीवर पैज लावताना समोरच्याला शर्यत जास्त कळते की नाही, हा प्रश्न दुय्यम असतो. त्याच्याकडे तुमच्यापेक्षा ताजा डेटा आहे का, हा खरा प्रश्न. आणि ते तुम्हाला दिसत नाही. मित्राबरोबर हे होतं, तर अनोळखी ॲपबरोबर काय होईल विचार करा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे. तेव्हा 'पुढचा स्प्लिट ओळखा, पैसे जिंका' अशी लिंक आली तर सरळ डिलीट करा.

अर्ध्या वाटेवर निकाल लावू नका

चाहत्यांची आणखी एक सवय म्हणजे पहिल्या स्प्लिटला कुणी मागे दिसला की 'हा गेला' म्हणून मोकळं व्हायचं. पण काही जण सुरुवातीला ताकद राखून ठेवतात आणि चढ संपल्यावर वेळ भरून काढतात. स्कॅन दोन दरवाजांची वेळ सांगतो, पायांत किती जोर शिल्लक आहे ते सांगत नाही.

२०२४ मध्ये झुरिचला सुटायच्या ऐन क्षणी एव्हेनेपूलची चेन उतरली. पायडलवर किती ताकद लागतेय ते दाखवणारा पॉवर मीटरही चालत नव्हता. आकडा समोर नसतानाच तो पळाला आणि इटलीच्या फिलिप्पो गानाला सहा सेकंदांनी हरवून जिंकला.

किगालीत मात्र एक आकडा कुठल्याही यंत्राशिवाय दिसला. पोगाचार एव्हेनेपूलच्या अडीच मिनिटं आधी सुटला होता. शेवटच्या काही किलोमीटरमध्ये एव्हेनेपूलने त्याला गाठलं आणि मागे टाकलं. गाठलं म्हणजे अडीच मिनिटं कमावली, एवढा सरळ हिशेब. तो क्षण बघून चाहते वेडे झाले. पोगाचारची थट्टा करणारे मीमही लगेच फिरू लागले. पण आठवड्याभरात, २८ सप्टेंबरला, त्याच किगालीत रोड रेस झाली. ती पोगाचारने जिंकली आणि एव्हेनेपूल दुसरा आला. मीम बनवणाऱ्यांना सात दिवसही दम निघाला नव्हता.

पुढच्या वेळी काय करायचं?

१. टायमिंगचं पान आणि व्हिडिओ दोन्ही उघडा. एखाद्या रायडरची शेवटची वेळ पानावर कधी आली आणि व्हिडिओत तो रेषा कधी ओलांडतो, यातलं अंतर मोजा. तेवढा तुमचा व्हिडिओ मागे आहे.

२. मध्येच व्हिडिओ थांबवला असेल तर 'लाइव्ह' बटण दाबून परत ताज्या जागी या.

३. ग्रुपवर लिहिताना 'दुसरा स्प्लिट' किंवा 'शेवटची वेळ' असं स्पष्ट लिहा. नुसतं 'पुढे आहे' म्हटलं की भांडण ठरलेलं.

४. निकाल आधी कळू नये असं वाटत असेल तर तेवढा वेळ ग्रुपचं नोटिफिकेशन म्यूट करा. लिहिणाऱ्यावर रागावून उपयोग नाही.

५. फक्त स्क्रीनशॉट आला तर निकाल मानू नका. तो आधीच्या स्प्लिटचा किंवा खोडसाळपणे बदललेला असू शकतो. अधिकृत पान बघा.

६. 'फ्री लाइव्ह' म्हणून कुणी एपीके फाइल पाठवली तर ती इन्स्टॉल करू नका. शर्यत संपून जाते, फोनमधलं बँकेचं ॲप मात्र तिथेच असतं.

७. स्वतःची टाइम ट्रायल लावायची असेल तर रविवारी पहाटे, कंटेनरची वर्दळ नसताना, मोकळा रस्ता निवडा. दोन्ही टोकांना एकेक माणूस उभा करा आणि दोघांच्या फोनची वेळ 'ऑटोमॅटिक' ठेवा. जीपीएस ॲपपेक्षा दोन टोकांना टिपलेली वेळ जास्त भरवशाची, कारण तुमचे 'दरवाजे' तुम्हीच ठरवलेले असतात.

आमच्या ग्रुपचा आता एकच नियम आहे. शर्यत चालू असताना ओरडायचं ते ओरडा, पण पैशाची गोष्ट काढायची नाही. वडापावचा हिशेब अधिकृत निकाल लागल्यावर.