रस्ता कुणाच्या पावलांनी आखायचा?

बदलापूर पूर्वेला खरवई नावाचं गाव आहे. गाव म्हणायचं, पण आता ते कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत. कात्रप, शिरगावचंही तसंच. २०११ च्या जनगणनेत या नगरपरिषदेची वस्ती पावणेदोन लाखांच्या घरात होती. आपण शहरात गेलो नाही तरी शहर आपल्या दारात येतं, म्हणून आजचा हा विषय.

शहर आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुतेक वेळा एकच माणूस असतो. सकाळी स्टेशन गाठणारा, रात्री लोकलने परतणारा. आता बाईचा दिवस आठवा. मुलाला अंगणवाडीत सोडायचं, मग रेशन, मग सासूबाईंचं औषध, येताना भाजी. (औषध पुरुषांनीही आणावं, पण तो वेगळा विषय!) छोट्या छोट्या फेऱ्या, बहुधा पायी, कडेवर मूल. तिला सलग फुटपाथ हवा, दिवा हवा, टेकायला ओटा हवा आणि स्वच्छतागृह हवं. मुंबईत २०११ साली बायकांनी ‘राइट टू पी’ मोहीम उभारली ती यासाठीच. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे! दिवसभर पाणी न पिता बसणाऱ्या भाजीवालीला विचारा, अंगावर काय निघतं ते.

ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात दिसून आलं की दहाएक वर्षांच्या झाल्या की मुली बागेत यायच्या बंद होतात. मैदान मुलांनी व्यापलेलं. मग दोन बागांमध्ये मोकळ्या जागेचे भाग पाडले, बसायच्या जागा वाढवल्या, खेळांचे प्रकार वाढवले. मुली परत आल्या.

आता कामाचं. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याप्रमाणे विकास आराखड्याचा मसुदा लोकांपुढे ठेवावाच लागतो. नगरपरिषदेच्या हद्दीत हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. महिना कसा जातो कळत नाही, म्हणून वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचनेवर गटातल्या एकीने लक्ष ठेवावं. नकाशा पाहायला गेलात की आधी आपलं घर शोधा. मग बोट ठेवून आपला दिवस चाला: अंगणवाडी, दवाखाना, बाजार, स्मशानाचा रस्ता. बोट जिथे अडेल, ती तुमची हरकत. ती सर्व्हे नंबरासह लिहून द्या, शिक्क्याची पोच घ्या आणि सुनावणीला निदान पाचजणी जा. एकटीला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवतात, हा माझा स्वतःचा अनुभव.