वाचलेले पैसे, हरवलेली झोप
विरार ते चर्चगेट सुमारे 60 किलोमीटर. स्वस्त घरासाठी वसई-विरारला आलेल्या नोकरदाराचे रोज तीन तास लोकलमध्ये गेले, तर 25 दिवसांत 75 तास होतात. म्हणजे तीन दिवसांहून अधिक. हा वेळ बहुधा झोपेतूनच जातो. प्रौढांना किमान सात तास झोप हवी. ती सतत कमी पडली, तर उच्च रक्तदाब आणि मधुमेहाचा धोका वाढतो.
कॅनडातील एका प्रयोगात (2017) वस्तूंऐवजी वेळ वाचवण्यावर पैसे खर्चणारे नोकरदार अधिक आनंदी आढळले. घर बदलणे सोपे नाही. पण चार पैसे जास्त देऊन निवडलेली भाजी घ्यावी आणि अर्धा तास आधी झोपावे. औषधांपेक्षा ते स्वस्तच पडते.