पियानो घेताना : न वाजलेला सूर

किमतींचा हिशेब या रविवारी मांडतो म्हणालो होतो, तो पुढे ढकलतो आहे. कारण नाशिकहून आलेलं एक पत्र. पत्र लिहिणाऱ्या बाईंची मुलगी पियानोच्या सहाव्या ग्रेडच्या परीक्षेची तयारी करते आहे. घरी ८८ पट्ट्यांचा, बऱ्यापैकी महागातला डिजिटल पियानो आहे. त्यावर तिच्या हळुवार जागा सुरेख येतात. शिकवणाऱ्या मॅडमकडच्या अपराइटवर, म्हणजे उभ्या पियानोवर मात्र त्याच जागांमधले दोनतीन सूर दर वेळी गायब होतात. पट्टी खाली जाते, आवाज येत नाही. मॅडम म्हणतात, बोटांत ताकद नाही. आई विचारते, डिजिटल विकून टाकू का?

विकू नका, एवढं आधी सांगून टाकतो. पण प्रश्न फार मोलाचा आहे. डिजिटल की खरा पियानो, यावर बोलणारे लोक बहुतेक वेळा आवाजावर भांडत बसतात. नक्कल आता इतकी पुढे गेली आहे की पडद्याआड बसवलं तर भल्याभल्यांची पंचाईत होईल, आणि मला त्या भांडणात फारशी गोडी उरलेली नाही. शिकणाऱ्याच्या दृष्टीने खरा फरक या गायब झालेल्या सुरात दडलेला आहे.

पट्टी खाली जाते ती जेमतेम १० मिलिमीटर. तेवढ्या वेळात आतला हॅमर तारेच्या दिशेने ४५ मिलिमीटरच्या आसपास धावतो. मात्र पट्टी त्याला शेवटपर्यंत ढकलत नेत नाही. तार दीडदोन मिलिमीटरवर राहिली की मधला जॅक बाजूला सरकतो, पट्टीचा आणि हॅमरचा संबंध तुटतो (यालाच एस्केपमेंट म्हणतात), आणि उरलेलं अंतर हॅमर आपल्या अंगच्या वेगावर कापतो. कॅरममध्ये स्ट्रायकर बोटाखालून सुटला की पुढे आपण नुसते बघे असतो, तसंच हे. हा संबंध तुटला नसता तर हॅमर तारेला चिकटून राहिला असता आणि सूर जन्मताच दबला असता. फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारात वाद्यं सांभाळणाऱ्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास पियानो बनवला, तो मुळात हेच कोडं सोडवून. त्याच्या हातचे तीन पियानो आजही शिल्लक आहेत. त्यांतला सर्वांत जुना, १७२० सालचा, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे.

यातून निघणारी गोष्ट अशी, की वाजवणाऱ्याच्या हाती सुराच्या जोरासाठी एकच साधन उरतं: हॅमर सुटतानाचा वेग. तो वेग फारच कमी पडला तर हॅमर शेवटचं अंतर ओलांडत नाही, वाटेतूनच परत फिरतो. आपला सूर गेला! म्हणजे सर्वांत हळू सूर आणि मुकी पट्टी यांच्यात अंतर असतं ते केसाएवढं, आणि उत्तम पियानोवादक ‘पियानिसिमो’ वाजवतात ते त्या कडेवरून चालत. यात ताकदीचा काही संबंध नाही. पट्टी खाली न्यायला पन्नासएक ग्रॅमचं वजन पुरतं. सहा वर्षांच्या मुलाच्या बोटातही त्याहून जास्त जोर असतो.

आता घरच्या डिजिटलकडे या. तिथे पट्टीखाली वजन हलतं, पण तार नाही, त्यामुळे सुटून पोचायचं ठिकाणही नाही. पट्टीच्या वाटेवर दोन सेन्सर असतात. पहिला ओलांडल्यापासून दुसरा ओलांडेपर्यंत किती वेळ गेला ते यंत्र मोजतं आणि त्यावरून सुराचा जोर ठरवतं. पट्टी कितीही रेंगाळत खाली गेली तरी बरीच मॉडेलं काहीतरी वाजवतातच. मिडी ही यंत्रांची भाषा १९८३ मध्ये आली, तिच्यात जोराचे आकडे १ ते १२७ आहेत. शून्य पाठवलं तर त्याचा अर्थ ‘पट्टी सोडली’ असा घेतला जातो! दाबलेली पण न वाजलेली पट्टी त्या आकड्यांत सांगायची सोयच नाही. मला ही बारीकशी गंमत फार आवडते. जी गोष्ट क्रिस्तोफोरीच्या पियानोवर रोज घडत असणार, तिला आपल्या यंत्रांच्या भाषेत आकडाच मिळालेला नाही.

तर नाशिकच्या मुलीचं झालंय ते इतकंच: घरचं वाद्य तिचा प्रत्येक स्पर्श पदरात घेतं, मॅडमकडचं घेत नाही. नकार ऐकायची सवयच तिला नाही.

पण थांबा, मॅडमकडच्या अपराइटलाही विचारायला हवं. हॅमर तारेपासून दोन मिलिमीटरवर सुटायला हवा, तो चारपाच मिलिमीटरवर सुटत असेल तर रुबिनस्टाइनसारखे थोर पियानोवादक येऊन बसले तरी त्यांचे हळुवार सूर गळतील. जुन्या अपराइटमध्ये फेल्ट झिजतं, चामडं दबतं, आणि हे अंतर वाढत जातं. तपासणं अगदी सोपं आहे. वरचं झाकण उघडा, आत डोकवा आणि एकेक पट्टी शक्य तितक्या सावकाश दाबा. हॅमर तारेला जवळजवळ टेकतोय असं वाटावं आणि तेवढ्यात तो मागे फिरावा. लांबूनच फिरत असेल, किंवा शेजारशेजारचे हॅमर वेगवेगळ्या अंतरावरून फिरत असतील, तर दोष पोरीच्या बोटांत नाही. दर वेळी तेच दोनतीन सूर जातात असं पत्रात लिहिलंय, त्यामुळे माझा संशय इथेच जास्त आहे. आपल्याकडे पियानोवाला येतो, तारा सुरात लावतो, चहा घेतो आणि जातो. हॅमर-जॅकची ही जुळणी, म्हणजे रेग्युलेशन, वेगळं काम आहे. ते मागितल्याशिवाय सहसा कुणी करत नाही. पावसाळ्यात फेल्ट फुगून पट्ट्या जड होतात ते तर आपण मागे पाहिलंच आहे, म्हणून ही तपासणी दिवाळीनंतर करा.

सेन्सरचा विषय निघालाच आहे, तर दोन आणि तीन सेन्सरमधला फरकही सांगून टाकतो, कारण दुकानात तो तुमच्या तोंडावर फेकला जातो. दोन सेन्सरांच्या यंत्रात तोच सूर पुन्हा वाजवायला पट्टी बरीच वर यावी लागते. तिसरा सेन्सर असला की ती अर्ध्यातून परत दाबता येते. हीच अडचण खऱ्या पियानोवर पॅरिसच्या सेबास्तियाँ एरारने दुहेरी एस्केपमेंट काढून सोडवली, तिचं पेटंट १८२१ चं. ग्रँडमध्ये आजही तीच तरकीब आहे. अपराइटमध्ये ती बसत नाही, कारण तिथे हॅमर उभ्या तारांवर आडवा जातो आणि परतायला वजनाऐवजी स्प्रिंगवर विसंबतो. परिणामी एक गमतीदार परिस्थिती तयार झाली आहे: राव्हेलच्या ‘स्कार्बो’सारख्या, एकच सूर झरझर वाजवायला लावणाऱ्या रचनेसाठी तीन सेन्सरांचा चांगला डिजिटल हा साध्या अपराइटपेक्षा ग्रँडच्या जवळचा ठरतो. ‘खरा तो खराच’ म्हणणाऱ्यांना मी हे मुद्दाम ऐकवतो. त्यांना आवडत नाही.

आता दुकानात करायची माझी लाडकी परीक्षा. बार्तोकच्या ‘मिक्रोकोस्मोस’मध्ये १५३ तुकडे आहेत, त्यांतला १०२ वा ‘हार्मोनिक्स’. त्यात काही पट्ट्या आवाज न करता दाबून धरायच्या असतात आणि दुसरे सूर ठसक्यात वाजवून सोडून द्यायचे असतात. दाबलेल्या पट्ट्यांचे डँपर, म्हणजे तारा गप्प ठेवणारे फेल्टचे तुकडे, उचललेले असल्यामुळे त्यांच्या तारा आपोआप गुणगुणायला लागतात. शूमाननेही ‘कार्नावाल’मधल्या ‘पागानिनी’च्या शेवटी हा खेळ केलेला आहे. एवढं सगळं वाजवायची गरज नाही. मधला सा-ग-प, म्हणजे सी, ई, जी, मुकाट दाबून धरा, आणि डाव्या हाताने दोन सप्तकं खालचा सी जोरात मारून लगेच सोडा. पेडलला पाय लावू नका. खऱ्या पियानोवर खालचा सूर विझतो आणि वर धूसर सा-ग-प तरंगत राहतो. चांगल्या डिजिटलवर हे गणिताने साधलेलं असतं, आणि ऐकून खरंच कौतुक वाटतं. स्वस्तातल्यावर दोनपैकी एक होतं: पट्ट्या मुकाट दाबल्याच जात नाहीत, किंवा खालचा सी सोडल्यावर सगळं चिडीचूप. विक्रेता वैतागला तरी ही परीक्षा सोडू नका.

आणि यापेक्षाही मोठा मुद्दा आहे तो डिजिटलवरच्या आवाजाच्या बटणाचा. खऱ्या पियानोला असं बटण नसतं, त्यामुळे बोट आणि आवाज यांचं नातं रोज तेच राहतं. फ्लॅटमध्ये रात्री दहाला आवाज कमी करून वाजवणारं मूल नकळत पट्ट्या बडवायला शिकतं, कारण त्याला स्वतःचं ऐकू यायला हवं असतं. हेडफोन लावून आवाज मोठा ठेवणारं मूल उलट नुसतं पट्ट्यांवरून हात फिरवतं. अशी मुलं ग्रँडपुढे बसली की बावचळतात. तुमच्या मुलीचं दुसऱ्या प्रकारात झालंय का, ते बघा. उपाय फुकटातला आहे. मॅडमकडे तिचं मधल्या जोराचं वाजवणं कान देऊन ऐका, घरी येऊन बटण त्या पातळीवर आणा आणि तिथे चिकटपट्टी लावून टाका. सरावाच्या वेळी बटण तिथून हलता कामा नये. शेजाऱ्यांसाठी हेडफोन लागणारच असतील, तर तिथेही एक पातळी कायम ठेवा. स्पर्शाची तीव्रता बदलण्याची सोय सेटिंगमध्ये असते. ती ‘लाइट’वर असेल तर मधल्यावर आणा, कदाचित एक पायरी पुढेही.

खरी किंवा खऱ्याच्या धर्तीची ग्रँड अ‍ॅक्शन बसवलेले आणि तारा नसलेले हायब्रिड पियानो मिळतात. यामाहाचा अवांतग्रँड २००९ मध्ये आला, कासियोने बेखस्टाइनच्या सोबतीने २०१५ मध्ये आपला काढला. वाजवून पाहा, पण सहाव्या ग्रेडसाठी एवढा खर्च मी तरी सुचवणार नाही. त्याऐवजी आठवड्यातून तासभर खऱ्या पियानोवर बसायची सोय शोधा. मॅडमच्या शिकवणीआधी अर्धा तास मागून बघा, जवळच्या चर्चमध्ये किंवा कॉन्व्हेंट शाळेच्या हॉलमध्ये चौकशी करा. झाकलेला अपराइट बऱ्याच ठिकाणी नुसता पडून असतो आणि कुणी वाजवायला आलं तर तिथल्या लोकांना बरंच वाटतं. त्या तासात तिने नवं काही वाजवू नये. एकच पाच सुरांची ओळ घ्यावी आणि ती दर फेरीत थोडी आणखी हळू करत जावी, सूर गळेपर्यंत. गळाला की किंचित वर यावं. हा खेळ मुलांना फार आवडतो.

पेडलचा विषय इथेच घुसत होता, त्याला कसाबसा आवरला आहे. अर्धा दाबलेला पेडल हे स्वतंत्र प्रकरण आहे आणि पुढचा रविवार त्याचा. डिजिटलवाल्यांनी तोवर आपला पेडल उलटा करून बघावा: नुसतं चालू-बंद होणारं चौकोनी बटण आहे की सलग दाबला जाणारा, ते कळवा. किमती त्याच्या पुढच्या रविवारी, नक्की.