किल्ली सर्वांची, हिशेब ज्याचा त्याने

नॉर्वेच्या डोंगरांत एका निवाऱ्यातून दुसऱ्या निवाऱ्याकडे चार-पाच दिवस चालत जाणाऱ्याला दगडांवर रंगवलेला लाल ‘टी’ वाट दाखवतो. १८६८ साली स्थापन झालेल्या तेथील पदभ्रमण संस्थेचे व तिच्या शाखांचे मिळून ५५० हून अधिक निवारे आहेत. त्यांतील अनेक ठिकाणी देखरेखीला कोणी नसते. सभासदाला मिळणाऱ्या एकाच ठरावीक किल्लीने यांतली बहुतेक कुलपे उघडतात. आत लाकडावर पेटणारी शेगडी, गाद्या, पांघरुणे. काही ठिकाणी डबाबंद अन्नाचे कपाटही. जे घ्यावे ते लिहून ठेवायचे, पैसे आपणहून भरायचे. निघताना केर काढायचा आणि पुढच्यासाठी लाकडे फोडून ठेवायची.

आपल्याला धर्मशाळा आठवते; पण साम्य वरवरचे आहे. धर्मशाळा दात्याच्या पुण्याईवर चालते. येथे सभासदांची वर्गणी, स्वयंसेवकांचे श्रम आणि वाटसरूचा प्रामाणिकपणा यांवर सगळे उभे आहे. एकाने लाकडे फोडायचा कंटाळा केला, तर वादळातून भिजत येऊन रात्री दार उघडणारा कोणी अनोळखी माणूस कुडकुडतो. त्या न पाहिलेल्या माणसाची आठवण ठेवली जाते, म्हणून ही व्यवस्था पहारेकऱ्याविना टिकते.